खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या खुणा जपाव्यात का?

घाटवाट : बोरघाटातील रेल्वेमार्ग 1863 मध्ये खुला झाला. खंडाळ्याच्या अलीकडे गाडीला वळसा घेण्याइतकी जागा डोंगराने ठेवली नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधण्यात आले. कर्जतहून चढून आलेली गाडी तिथे थांबे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावले जाई आणि तोवर शेपटाला असलेला डबा पुढे होऊन गाडी उलट दिशेने खंडाळ्याकडे चढू लागे. 1929 मध्ये नव्या मार्गावरील बोगदे तयार झाले आणि हे स्थानक बंद पडले. त्याचे जे काही उरले आहे ते राखून तिथे सविस्तर माहितीफलक उभारावा, असे मला मनापासून वाटते.

कर्जतकर : मी सहमत नाही. रिव्हर्सिंग स्टेशन ही अडचणीतून काढलेली वाट होती आणि प्रत्येक गाडीचा वेळ तिथे खर्ची पडत असे. थळघाटातही असेच स्थानक होते, तेही 1918 मध्ये काढून टाकले. एप्रिल 2020 मध्ये अमृतांजन पूल पाडला तेव्हाही हळहळ व्यक्त झाली. पण त्याचे खांब द्रुतगती मार्गाच्या मधोमध उभे होते, आणि तिथल्या अपघातांची धास्ती आम्ही घाटाखालच्या लोकांनी बाळगली आहे. पैसा दरडी रोखण्यावर खर्च व्हावा. इतिहासासाठी छायाचित्रे आणि नकाशे पुरेत.

घाटवाट : पूल रहदारीच्या आड येत होता, हे मान्य. मात्र या स्थानकाची जागा कोणाच्या वाटेत आहे?

माळावरची : तुम्ही दोघेही गाड्यांविषयीच बोलत आहात. जानेवारी 1861 मध्ये या घाटात सुमारे 42,000 मजूर राबत होते. त्याआधी 1859 मध्ये मजुरीच्या थकबाकीवरून कर्जतजवळ दंगल उसळली होती, आणि पटकीच्या साथीने तर तळच्या तळ ओस पडले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच वारले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी काम तडीस नेले, हे निदान नोंदले गेले. सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. वाट दाखवणारा धनगर म्हणून लोक ज्याला मानतात, त्या शिंगरोबाला घाटात देऊळ तरी आहे. फलक लावायचाच असेल, तर पहिली ओळ या मजुरांविषयी असावी. तसे होणार नसेल, तर मी कर्जतकरांच्या बाजूने.

कर्जतकर : अशा फलकाला माझा विरोध नाही. दगडी बांधकामाच्या डागडुजीला मात्र अजूनही आहे.