पासवर्ड नेमका कुठे साठतोय ते आधी बघा

लिनक्सवर 'सेव्ह करूनही व्हीपीएन दर वेळी पासवर्ड विचारतो' अशी अडचण इथे विचारलीय. व्हीपीएनची जोडणी काढून नव्याने टाका असं एका उत्तरात सुचवलंय, पण तेवढ्याने ती बहुधा सुटणार नाही. नेटवर्क मॅनेजर (लिनक्समधल्या नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम) पासवर्ड दोन ठिकाणी ठेवू शकतो: फक्त तुमच्यापुरता, म्हणजे की-रिंगमध्ये (तुमच्या पासवर्डांची कुलूपबंद तिजोरी), किंवा सगळ्या युजरांसाठी, म्हणजे जोडणीच्या फाइलमध्ये. जोडणीच्या सेटिंग्जमध्ये पासवर्डच्या चौकटीत उजव्या कडेला बारीकसा आयकॉन असतो, त्यावर क्लिक केलं की हे पर्याय दिसतात. तिथे 'दर वेळी विचारा' निवडलेलं नाही ना, ते पाहा.

ऑटो-लॉगिन चालू आहे का? माझ्याकडे तेच कारण निघालं, आणि मी दोन संध्याकाळी सर्व्हरच्या सेटिंग्ज तपासत बसलो होतो. लॉगिनला पासवर्ड टाइपच केला नाही, तर की-रिंग कुलूपबंदच राहते आणि तिच्यातला व्हीपीएनचा पासवर्ड मिळत नाही. रूटमधून (म्हणजे अ‍ॅडमिनच्या खात्यातून) लॉगिनचा पासवर्ड बदलला असेल तरी की-रिंगचा जुनाच राहतो; तो वेगळा बदलावा लागतो.

फाइलमध्ये साठवलात तर पासवर्ड एनक्रिप्ट न होता साध्या अक्षरांत राहतो. ती फाइल फक्त रूटला वाचता येते हे खरं, तरी डिस्क एनक्रिप्ट केलेली नसेल तर लॅपटॉपवर मी हे करणार नाही.