घर चाकावर अन् फिरणं लालपरीत? हिशेब कोणी सांगन का

दारव्हेकर
परवा इथंच एका भाऊंनी लिहिलं की मोटरहोम (चाकावरचं घर) घेऊन गणपतीपुळ्याला जा, गाडी मुक्कामाच्या आवारात लावा आणि पुढं सगळं एसटीनं, रिक्षानं फिरा, ‘याहून स्वस्त आणि सुखाचा प्रवास नाही.’ दोन दिवस गप्प बसलो. आज राहवत नाही.

दारव्हा, पुसद, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट. आठशेच्या वर किलोमीटर. जाऊन-येऊन १६०० धरा. असल्या गाडीला १० चं ॲव्हरेज दिलं (उदार मनानं) तरी १६० लिटर डिझेल. ९० रुपयानं गुणा, १४,४०० झाले. टोल वेगळा. एवढं ओतून समुद्र दिसला की गाडी उभी करायची अन् एसटीच्या थांब्यावर जाऊन उभं राहायचं? हे म्हणजे बैल जुंपून वेशीपर्यंत जायचं आणि शेतात पायी! त्यापेक्षा बडनेऱ्याला मडगावच्या गाडीत बसा, रत्नागिरीला उतरा.

आणि ‘लोकल ट्रान्सपोर्ट’चं कौतुक आम्हाला सांगू नका. आमच्या गावाला मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी सातला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर समाजमंदिरात झोपायचे, सकाळी सहाला दुधाच्या कॅन अन् कॉलेजची पोरं घेऊन निघायची. २०२१ च्या संपात बंद पडली ती पडलीच. आगाराचं नाव घेत नाही, पण तीन अर्ज माझ्याच हातचे आहेत.

चाकावरचा संसार
तो ‘एक भाऊ’ मीच. हिशेब बरोबर आहे तुमचा, वाचन अर्धं आहे.

माझे बाबा ७८ वर्षांचे. तासाला लघवीला जावं लागते. रेल्वेत बर्थवरून उतरून, चालत्या डब्यात दांडी धरत जाणं त्यांच्यानं होत नाही. तीन वर्षांत यवतमाळचा दवाखाना सोडून त्यांनी काही पाहिलं नव्हतं. ट्रॅव्हलर मिनीबसमध्ये खाट अन् संडास बसवलेली गाडी भाड्यानं घेतली ती त्यांच्यासाठी. हौस म्हणा, चालते.

आता तिथं का नाही फिरवली? पहिल्या दिवशी फिरवली. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाणारा आरे-वारेचा रस्ता पाहिला का तुम्ही? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, चढ असा की पहिल्या गिअरमध्ये भांडी मागच्या दाराला. समोरून डंपर आला, मी डावीकडं घेतली अन् आरसा चिऱ्याच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) घासला. दुसऱ्या दिवसापासून एसटी. बाबा पंच्याहत्तरीच्या वरचे म्हणून फुकट, बायको अर्धी, मी पूर्ण. तिघांत दीड तिकीट! रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहिला. १९१० मध्ये बांधलेला, ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी तिथं आणून ठेवलं होतं. बाबा तिथल्या लाकडी जिन्याला हात लावून म्हणाले, “याले बी घरची आठवन येत असन.” मालगुंडला केशवसुतांचं स्मारकही झालं. आरे-वारेचा तो पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता बसच्या खिडकीतून पाहायचा असतो, स्टिअरिंगवरून नाही.

काळीपिवळी नेरवाला
दीड तिकीट! वा भाऊ. या दीड तिकिटानंच आमचं पोट मारलं. २०२३ ले बायांले अर्धं तिकीट झालं अन् दारव्हा-नेर माझी सीटभाड्याची गाडी दिवसभर चौकात उभी. आधी आठ फेऱ्या होत, आता तीन. हप्ता कोन भरन? अन् एसटी भरली की बाया ड्रायव्हरच्या केबिनीपर्यंत बसून रायल्या. पूर्ण पैसे देनारा मानूस उभा.

दिग्रसची सून
दादा, बाई बसली तर डोळ्यात आली? तुमच्या काळीपिवळीत मी चार वर्षं गेली आहे. दहाची गाडी, अठरा माणसं. मागच्या फळीवर कोंबायचे, अन् “ताई, थोडं सरका” म्हणून वरून अजून दोन. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही, ऊन असो की पाऊस. माझी शिवणकामाची परीक्षा तुमच्यासारख्याच एकाच्या ‘बस, दोन सीट बाकी’पायी बुडाली. अर्ध्या तिकिटात माझी माय पहिल्यांदा एकटी माहूरला जाऊन आली. एकटी! बापाला विचारायचं काम नाही पडलं.

काळीपिवळी नेरवाला
कोंबतो हे खरं. पन ज्या गावाले लालगाडी जात नाही तिथं रात्री नऊले कोन जाते? बायंतपनाची बाई कोन आनते? मीच. तवा अर्धे पैसे देजा म्हनत नाही कोनी, तवा “भाऊ, देव आहे तू.”

दारव्हेकर
माझा धागा डिझेलचा होता.

दिग्रसची सून
धाग्यात मुक्कामी गाडी तुम्हीच आणली.

मालगुंडचा पूर्वाश्रमीचा
कामासाठी आठ वर्षं पुसदला आहे, म्हणून बोलतो. एसटीनं फिरलात हे उत्तम केलंत. पण या चाकावरच्या घरांचं सांडपाणी कुठं जातं ते एकानंही लिहिलं नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या माडांच्या वाडीच्या कडेला एक गाडी रात्रभर होती. सकाळी साबणाचं पाणी थेट पऱ्ह्यात (ओढ्यात). २०२१ ला राज्यानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण कागद एकीकडं आणि पऱ्ह्या एकीकडं. आणि पुळ्याच्या समुद्रात पोहू नका म्हणून ओरडून घसा बसतो, घाटावरचे ऐकत नाहीत. विहिरीत पोहणं वेगळं, तो उतार वेगळा.

चाकावरचा संसार
आमचं पाणी टाकीत साठवलं, परत निघताना मुक्कामाच्या शोषखड्ड्यात सोडलं, विचारून. सगळ्यांना एका दोरीत बांधू नका.

मोतीबाग स्टेशन
तुम्ही एसटीवर भांडता. आमच्या दारव्ह्याला शकुंतला रेल्वे होती, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर. इंजिन पाणी भरेपर्यंत आम्ही उतरून चिंचा पाडायचो. ती गेली तेव्हा कोणी धागा काढला नाही.

दारव्हेकर
काका, तो दुसरा धागा, अन् तो मी काढीन.

बाबांचं माहीत नव्हतं. आधी लिहिलं असतं तर एवढं तोडलं नसतं. मग ‘स्वस्त’ हा शब्द खोडा, ‘सुखाचा’ राहू द्या. बरं, आरसा कितीला पडला? तो हिशेबात धरला नाही तुम्ही.

चाकावरचा संसार
२,८००. मालकानं डिपॉझिटातून कापले.

दारव्हेकर
म्हणजे १७,२००. अन् दीड तिकीट.