काटेवाल्या विमानावर शिकला तोच खरा पायलट?

क्रॉसविंड: काल इथे एका दादांनी लिहिलं की ग्लास कॉकपिटवर, म्हणजे काट्यांच्या तबकड्यांऐवजी स्क्रीन असलेल्या विमानावर शिकलेली पोरं म्हणजे व्हिडिओ गेमवाली. रात्रभर डोक्यात घोळत होतं म्हणून लिहितेय. मी जी१००० नावाच्या स्क्रीनवाल्या सेसना १७२ या छोट्या विमानावर शिकले. वेगाच्या पट्टीशेजारची मजेंटा रेघ ६ सेकंदांनी वेग किती होणार ते आत्ताच दाखवते, फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, वेग गळायला लागला की लगेच कळतं. आणि काटेवाल्या विमानात तबकड्या चालवणारा व्हॅक्यूम पंप गेला की तुमचं जुनं हॉरायझन, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारी तबकडी, हळूहळू कलत जातं, बंद पडलंय हे सांगतसुद्धा नाही, आमच्याकडे बिघाड झाला की स्क्रीनवर सरळ लाल फुली येते. १ जानेवारी १९७८, वांद्र्यासमोर एअर इंडियाचं ७४७ समुद्रात गेलं, २१३ माणसं गेली, कॅप्टनचं हॉरायझन अडकलं होतं. तिथे कुठला स्क्रीन होता?

जुना_सेसनावाला: ते दादा मीच. अगं, रात्र, खाली काळा समुद्र, आणि शेजारच्या को-पायलटच्या हॉरायझनशी ताळा बसवला नाही, हे पण लिही ना. माझं म्हणणं एवढंच की काटा वाचावा लागत नाही, कुठे झुकलाय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं, आकडा मात्र वाचावाच लागतो. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१० मध्ये छोटी विमानं तपासली, ग्लासवाल्यांचे एकूण अपघात कमी पण जीवघेणे जास्त निघाले.

क्रॉसविंड: त्याच अहवालात आहे की ग्लासवाली विमानं लांबच्या प्रवासाला जास्त जायची आणि काटेवाली शिकवणीला. बरोबरी कशी करता?

हँगरमधला: तुमचं चालू द्या, पण पैशाचं कोणी बोलत नाही. आमच्या स्कूलमध्ये ग्लासचा तासाचा दर जास्त, आणि इंजिन चालू ठेवून बटणं शोधण्यातच मीटर पळायचा. बाबांनी शेत गहाण टाकलं होतं.

क्रॉसविंड: बटणं घरी सिम्युलेटरवर शिकायची असतात.

हँगरमधला: लॅपटॉप कुठून आणू? चार जण एका खोलीत राहायचो आम्ही. घरी शिका म्हणणं फार सोपं असतं.

जुना_सेसनावाला: हे मात्र त्याचं खरंय. बाहेरून पॉवर लावून विमान हँगरमध्येच उभं ठेवा आणि बटणं फुकट शिकवा, मी इन्स्ट्रक्टर असताना तेच करायचो.

हँगरमधला: आम्ही मागितलं होतं सर. पॉवर युनिट बिघडलंय म्हणाले, दोन वर्षं बिघडलेलंच होतं. माझे उड्डाणाचे तासच पुरले नाहीत.

क्रॉसविंड: सॉरी, मला हे माहीत नव्हतं. आणि दादा, डोळ्याच्या कोपऱ्याचं मान्य, अल्टिमीटरचा, म्हणजे उंचीचा, आकडा मला अजूनही थांबून वाचावा लागतो. पण व्हिडिओ गेमवाली हा शब्द मागे घ्या.

जुना_सेसनावाला: शब्द घेतला मागे. पण तीन काट्यांचा अल्टिमीटर एकदा तरी वाचायला शीक.

क्रॉसविंड: ज्यात हजार फुटांची चूक सहज होते तोच ना?