मदत हवी आहे: जपानी युगवर्षातला २९ फेब्रुवारी कोडमध्ये कसा तपासायचा?

नमस्कार मंडळी,

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या आणि तारखांचे घोळ निस्तरलेल्या जाणकारांची मदत हवी आहे.

जपानमधल्या एका ग्राहकासाठी जुन्या कौटुंबिक नोंदी संगणकावर आणायचं काम चालू आहे. स्कॅन केलेल्या कागदांवरून जन्मतारखा टाइप होऊन येतात, पण त्या इसवी सनात नसतात. युगाचं नाव, त्या युगातलं वर्ष, महिना आणि दिवस असे चार रकाने असतात. युगं पाच: मेइजी, ताइशो (३० जुलै १९१२ पासून), शोवा (२५ डिसेंबर १९२६), हेइसेई (८ जानेवारी १९८९) आणि रेइवा (१ मे २०१९). २९ फेब्रुवारी ही तारीख आली की ती खरी आहे का, एवढं मला ठरवायचं आहे. यात चूक झाली तर कुणाची तरी खरी जन्मतारीख नाकारली जाईल, म्हणून घाईघाईने काहीतरी जुळवून द्यायचं नाहीये.

आधीच्या कोडमध्ये युगवर्षाला ४ ने भाग जातो का, एवढंच तपासलेलं आहे. हेइसेईत हे बरोबर चालतं. तिथे इसवी सन काढायला १९८८ मिळवायचे असतात आणि १९८८ ला ४ ने भाग जातो, म्हणून हेइसेई ४, ८, १२ ही लीप वर्षंच निघतात. रेइवात २०१८ मिळवावे लागतात, तिथे लीप वर्षं येतात २, ६, १०. म्हणजे हा कोड रेइवा २ मधला (२०२०) खरा २९ फेब्रुवारी नाकारतो आणि रेइवा ४ मधला (२०२२) खोटा स्वीकारतो. शोवात लीप वर्षं ३, ७, ११ करत ६३ पर्यंत जातात. तिथेही एकही लीप वर्ष बरोबर ओळखलं जात नाही.

म्हणून तो भाग काढला आणि डॉट नेटचा (सी शार्पसोबत येणाऱ्या तयार कोडच्या संचाचा) जॅपनीज-कॅलेंडर हा तयार वर्ग घेतला. त्यात इज-लीप-डे नावाची मेथड आहे. वर्ष, महिना, दिवस आणि युगाचा क्रमांक द्यायचा, मेइजीला १ आणि रेइवाला ५. मेइजी ३३, म्हणजे १९००, हे लीप वर्ष नाही, तिथे ती बरोबर अडवते. (तारीखच अस्तित्वात नसेल तर 'फॉल्स' मिळत नाही, थेट एक्सेप्शन येतं, म्हणजे प्रोग्राम त्रुटी देऊन थांबतो. हे लक्षात ठेवून कोड लिहावा लागतो.)

अडलोय ते ताइशो १ वर. १९१२ हे लीप वर्ष, त्यामुळे ताइशो १, फेब्रुवारी २९ दिल्यावर 'ट्रू' येतं. पण ताइशो युग सुरू झालं जुलैच्या शेवटी! त्या वर्षीचा २९ फेब्रुवारी मेइजी ४५ मध्ये होता. ताइशो १ मध्ये फेब्रुवारी महिनाच नव्हता. इतर युगबदल १९२६, १९८९ आणि २०१९ या साध्या वर्षांत झाले, म्हणून २९ फेब्रुवारीपुरता हा प्रश्न फक्त इथेच येतो.

'ताइशो १ सोडून' अशी एक खास अट घालता येईल, पण तसं करायला मन घेत नाही. उद्या नवं युग लीप वर्षात सुरू झालं तर? यावर सरळ मार्ग आहे का? आणि मेइजीच्या सुरुवातीच्या वर्षांचं काय करायचं? मेइजी ५ म्हणजे १८७२, तिथेही मेथड २९ फेब्रुवारीला 'ट्रू' म्हणते.

प्रतिसाद १

वर्ष लीप आहे का आणि तो दिवस त्या युगात होता का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इज-लीप-डे पहिल्याचंच उत्तर देते. युगवर्षाचं इसवी सन करते, महिना २ आणि दिवस २९ आहे का बघते, संपलं.

तुम्ही तारीख फिरवून परत आणा. टू-डेट-टाइमने युगतारखेची साधी तारीख करा. मग त्याच तारखेला गेट-एरा आणि गेट-इयर विचारा. ताइशो १, फेब्रुवारी २९ टाकलंत तर आधी २९ फेब्रुवारी १९१२ मिळेल आणि परत विचारल्यावर मेइजी, ४५. टाकलेलं आणि परत आलेलं जुळलं नाही की तारीख अमान्य. खास अट लागत नाही, पुढच्या युगालाही हेच चालेल.

याने आणखी एक भोक बुजतं. डॉट नेट मुळात युगाच्या शेवटाबाबत सैल आहे. शोवा ९९ दिलंत तर ते २०२४ धरून २९ फेब्रुवारी मान्य करेल. ते घट्ट करायला एक स्विच आहे, पण तो युगाची वर्षं मोजतो, महिना-दिवस नाही. ताइशो १ त्यातूनही निसटेल.

प्रतिसाद २

जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत हे काम आयतं मिळतं. जॅपनीज-डेट बनवतानाच युगाची हद्द तपासली जाते, ताइशो १ चा फेब्रुवारी दिला की एक्सेप्शन. मात्र तिथे वर्षाची लांबी ३६६ आहे का यावरून लीप वर्ष ठरवू नका. लांबी युगवर्षाची मिळते: मेइजी ४५ चे २११ दिवस, ताइशो १ चे १५५. बेरीज ३६६ होते, पण एकटं कुठलंच नाही.

प्रतिसाद ३

मेइजीच्या सुरुवातीबद्दल लिहितो, कारण तिथे कोड बरोबर चालूनही उत्तर खोटं निघतं.

जपानने ग्रेगोरियन पंचांग घेतलं १ जानेवारी १८७३ ला, म्हणजे मेइजी ६ पासून. त्याआधी चांद्र-सौर पंचांग होतं आणि आपल्या अधिक मासासारखा तिथेही जादा महिना यायचा. मेइजी ५ चा बारावा महिना अवघ्या दोन दिवसांत आटोपला आणि दुसऱ्या दिवशी थेट मेइजी ६ चा १ जानेवारी उजाडला. जुन्या पंचांगाने मेइजी ६ मध्ये जादा महिना येणार होता, सरकारी नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते. तिजोरीत खडखडाट असल्यामुळे हा बदल इतक्या तातडीने झाला, असं त्या काळचे मंत्री ओकुमा शिगेनोबू यांनीच पुढे सांगितलं आहे.

त्यामुळे मेइजी १ ते ५ मधली कुठलीही तारीख या वर्गाला देऊच नका. कागदावर 'दुसरा महिना, २९ वा दिवस' असेल तर ती चांद्र तारीख आहे, तिचा लीप दिवसाशी संबंध नाही, आणि ती अगदी खरी असू शकते. जावा मेइजी ६ च्या आधीची तारीख घेतच नाही, मला तेच योग्य वाटतं.

१८७२ च्या फर्मानात दर चार वर्षांनी एक दिवस वाढेल एवढंच होतं, शतकाचा अपवाद नव्हता. १९०० जवळ आल्यावर, १८९८ मध्ये वेगळा शाही आदेश काढावा लागला. त्यातला नियम जपानचा पौराणिक पहिला सम्राट जिम्मू याच्यापासूनच्या वर्षगणनेवर आहे: वर्षाला ४ ने भाग गेला तर लीप, पण ६६० वजा करून उरलेल्याला १०० ने भाग जात असेल आणि त्या भागाकाराला ४ ने भाग जात नसेल, तर साधं. ६६० वजा केले की इसवी सनच हाती येतं. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत शकात ७८ मिळवून लीप वर्ष ठरवतात, त्यातलाच प्रकार. तो आदेश आजही लागू आहे. मेइजी ३३ ला तुमची मेथड अडवते, ते यामुळे बरोबर ठरतं.

मूळ धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. फिरवून आणायची तपासणी लावली. मेइजी ६ च्या आधीच्या नोंदी वेगळ्या यादीत टाकतोय, त्या चांद्र तारखा म्हणूनच राहतील.

आता एकच विचारायचंय. ताइशो १, फेब्रुवारी २९ आली तर ती आपोआप मेइजी ४५ करावी का? आणि हीच तपासणी सगळ्याच तारखांना लावली तर चालेल?

प्रतिसाद १

आपोआप बदलू नका. १९१२ वरून कुणी चुकीचं युग लिहिलं असेल, किंवा ताइशो ५ मधला ५ वाचताना १ झाला असेल. ताइशो ५ म्हणजे १९१६, तेही लीप वर्षच. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत, कोडला त्यातली निवडता येणार नाही. मूळ प्रतिमेसह माणसाकडे पाठवा.

सगळ्या तारखांना लावणार असाल तर ३० जुलै १९१२ आणि २५ डिसेंबर १९२६ हे दोन दिवस बाजूला काढा. त्या वेळी नवं युग जाहीर झालं त्याच दिवसापासून लागू झालं, म्हणून त्या दिवसाच्या कागदावर जुनं युग असलं तरी ते चूक नाही. मेइजी ४५, जुलै ३० ही खरी जन्मतारीख तुमची तपासणी नाकारेल. १९८९ आणि २०१९ मध्ये युग दिवसाच्या सुरुवातीलाच बदललं, तिथे ही अडचण नाही.