जाडीचं काय?
ध्रुवांकडचा समुद्री बर्फ उपग्रह मायक्रोवेव्ह लहरींनी मोजतात आणि त्यांना ढग आणि ध्रुवीय रात्र आडवी येत नाही, हे खरंच. पण ‘उपग्रह सगळंच मोजतात, मग तिथे जायचं कशाला’ असं कुणी म्हटलं तर ते काही पटत नाही. बर्फाचा विस्तार मोजणं ठीक, जाडीचं काय? समुद्री बर्फाचा साधारण दहावा हिस्साच पाण्यावर डोकावतो. जाडी त्यावरून काढायची, म्हणजे दोन सेंटिमीटरची चूक वीसवर जाते. त्यात वर भुसभुशीत हिमाचा थर! नासाच्या आइससॅट-२ उपग्रहाचा लेसर त्याच्या माथ्यावरूनच परततो, युरोपच्या क्रायोसॅट-२ उपग्रहाचं रडार कोरड्या हिमातून बरंच खाली उतरतं. दोघांनी एकच बर्फ जवळपास एकाच वेळी मोजावा आणि मापांतल्या फरकावरून हिमाची जाडी कळावी म्हणून २०२० मध्ये क्रायोसॅटची कक्षा मुद्दाम थोडी उंचावली.

उन्हाळ्यात मात्र वितळलेल्या पाण्याची डबकी साचली की रडारची पंचाईत. बर्फाची उंची भेगेतल्या समुद्राच्या पातळीवरून मोजायची, पण डबकं कुठलं आणि भेगेतला समुद्र कुठला, परतणारा सिग्नल जवळपास सारखाच.