मॉरिशस: 'बेस्ट लूझर' जागा आता मोडीत काढाव्यात का?

आकडेमोड:
मॉरिशस 12 मार्च 1992 ला प्रजासत्ताक झालं, राणीच्या जागी राष्ट्रपती आले. निवडणुकीचा सांगाडा मात्र जुनाच राहिला. बेटावर 20 मतदारसंघ, प्रत्येकी 3 जागा; मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटाला 2; एकूण 62. त्यावर जास्तीत जास्त 8 जागा पडलेल्या उमेदवारांना, जमातवार समतोल साधायला; याच 'बेस्ट लूझर' जागा. गट चार: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले 'जनरल पॉप्युलेशन'. तिथल्या मराठी, तमिळ, तेलुगू लोकांना वेगळं खातं नाही, सगळे 'हिंदू'त. आणि लोकसंख्येचा आकडा? 1972 च्या जनगणनेचा! 1982 च्या घटनादुरुस्तीने तो गोठवला. असल्या हिशेबावर खासदार ठरवणं हास्यास्पद आहे. काढून टाका.

दर्यावर्दी:
काढा, पण आधी 1982 आणि 1995 आठवा. दोन्ही वेळा एकाच आघाडीने बेटावरच्या 60 पैकी 60 जागा घेतल्या. 2024 लाही तेच. मतपत्रिकेवर तीन शिक्के मारावेच लागतात, कमी-जास्त झाले की मत बाद. त्यामुळे लाट आली की तिन्ही जागा एकाच बाजूला जातात. या जागा नसत्या तर 1982 ला बेटावरचा विरोधी पक्ष सभागृहात औषधालाही दिसला नसता.

आकडेमोड:
तो योगायोग हो! नियम जमातीसाठी आहे, विरोधी पक्षासाठी नाही.

तळटीप:
अर्धंच बरोबर. पद्धत अशी: जमातीची लोकसंख्या भागिले (तिच्या जागा अधिक 1). ज्या जमातीचा भागाकार सर्वांत मोठा, तिच्या पडलेल्या उमेदवारांत सर्वाधिक टक्केवारीवाल्याला जागा. प्रत्येक जागेनंतर हिशेब पुन्हा मांडायचा. पहिल्या 4 जागांना पक्ष बघत नाहीत. पुढच्या 4 जागांत, पहिल्या चारांनी बदललेलं पक्षांचं प्रमाण पूर्ववत करायचं असतं, म्हणजे विजेत्यांनाही वाटा मिळतो. 60-0 झालं की विजेत्यांकडे पडलेला उमेदवारच उरत नाही! म्हणून 1982 आणि 1995 ला सभागृह 70 ऐवजी 66 वर थांबलं. अपक्षांना मात्र या जागा कधीच नाहीत.

दर्यावर्दी:
म्हणजे विरोधकांना 4 तरी मिळतात, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

आकडेमोड:
आणि जो जमात सांगायला नकार देतो त्याचं काय? त्याचा अर्जच बाद व्हायचा. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने यावर मॉरिशसला दोषी धरलं. 2014 ला सूट दिली, तीही त्या एका निवडणुकीपुरती. निवडणूक सुधारणांसाठीच्या सॅक्स आयोगाने 2002 मध्येच प्रमाणबद्ध पद्धतीने, म्हणजे पक्षांच्या मतांच्या प्रमाणात, 30 जादा जागा सुचवल्या होत्या. विरोधक हवे असतील तर तो सरळ रस्ता आहे.

तळटीप:
सरळ कसला! घटनादुरुस्तीला तीन-चतुर्थांश मतं लागतात. 2018 चं निवडणूक सुधारणेचं विधेयक तिथेच अडलं. शिवाय 2019 ला विजेत्या आघाडीला सुमारे 37 टक्के मतांत 62 पैकी 38 जागा मिळाल्या. असा फायदा झालेला पक्ष प्रमाणबद्ध जागा कशाला मागेल? 2024 ला तेवढं संख्याबळ निवडून आलं खरं, पण तेही याच तीन शिक्क्यांच्या जोरावर.