सत्तरच्या दशकातील स्वस्त हेरपट: त्यांचे आकर्षण नेमके कशात आहे?

मॅटिनी (धागाकर्ता):

१९७४ साली डोरिस विशमन या अमेरिकी दिग्दर्शिकेने 'डबल एजंट ७३' नावाचा हेरपट काढला. त्याच्या नायिकेच्या स्तनात शस्त्रक्रिया करून एक छोटा कॅमेरा बसवलेला आहे आणि ठार केलेल्या प्रत्येक शत्रूचे छायाचित्र टिपण्यासाठी तिला छाती उघडी करावी लागते. त्याच कॅमेऱ्यात स्फोटकही आहे, त्यामुळे कामगिरी वेळेत पार पडली नाही तर तिचाच बळी जाणार. एवढे सांगितले की समोरचा माणूस पुढचे ऐकून घेत नाही, असा माझा अनुभव आहे. तरीही मी हा चित्रपट तीन वेळा पाहिला आहे आणि त्याची बाजू मला मनापासून मांडावीशी वाटते.

विशमनकडे पैसा नव्हता. तिच्या चित्रपटांत चित्रीकरणाच्या वेळी बहुधा आवाज मुद्रित केला जात नसे. संवाद मागाहून भरले जात. ओठांच्या हालचाली आणि शब्द जुळवत बसण्याचा खर्च टाळण्यासाठी कॅमेरा बोलणाऱ्याकडे पाहतच नाही. तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जातो, पायांतल्या बुटांवर जातो, मेजावरच्या दिव्यावर जातो. पहिली दहा मिनिटे हा निव्वळ गलथानपणा वाटतो. अर्ध्या तासानंतर मात्र एक विलक्षण अस्वस्थता जाणवू लागते, कारण ज्या जगात कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवता येत नाही त्या जगाची ही गोष्ट आहे आणि तिथे बोलणाऱ्याचे तोंड आपल्याला दिसतच नाही. मोठ्या खर्चाच्या हेरपटांना हे साधत नाही, कारण त्यांना सगळे नीट दाखवणे परवडते.

टेड मायकल्सच्या १९७३ सालच्या 'द डॉल स्क्वॉड'मध्ये स्फोट खरे नाहीत. माणसाच्या चित्रावर ज्वाळेचे चित्र चढवले आहे आणि माणूस नाहीसा होतो. त्या करामतीमागे कुणाचा तरी हात आहे हे कळते आणि मला ते आवडते. शिवाय या स्वस्त चित्रपटांनी केवळ बाँडची नक्कल केली असे म्हणता येत नाही. १९७३ सालच्या 'लिव्ह अँड लेट डाय' या बाँडपटाने कृष्णवर्णीय नायकांच्या स्वस्त मारधाडपटांकडून उचलले, तर १९७४ सालच्या 'द मॅन विथ द गोल्डन गन'ने कुंगफूच्या लाटेकडून. उसनवारी दोन्ही बाजूंनी चालू होती.

विभावरी:

आपण मांडलेला ध्वनीचा मुद्दा मला पटतो आणि नेमका तिथेच माझा आक्षेप आहे. कॅमेरा बुटांकडे वळला तो काटकसरीने, हे मान्य. पण कॅमेरा स्तनात बसवला तो काही काटकसरीने नव्हे. नावातला '७३' हा आकडा नायिकेच्या छातीचे जाहिरातीत सांगितलेले इंचांतले माप आहे. प्रेक्षकाने तिकीट काढावे ते कशासाठी, हे चित्रपटाच्या नावावरच लिहिलेले होते.

ही भूमिका करणारी चेस्टी मॉर्गन कोण होती, हेही इथे सांगितले पाहिजे. ती पोलंडमध्ये जन्मलेली ज्यू मुलगी. नाझींच्या नरसंहारात तिचे आईवडील गेले आणि तिचे बालपण इस्राएलमध्ये पोरकेपणी गेले. लग्न करून ती अमेरिकेत आली, तर १९६५ साली न्यू यॉर्कमधल्या एका दरोड्यात तिच्या पतीचा खून झाला. पदरात दोन मुली होत्या. त्यानंतर ती रंगमंचावर अंगप्रदर्शनाचे कार्यक्रम करू लागली आणि तिथून या चित्रपटांत आली. तिचे इंग्रजी उच्चार परके वाटत, म्हणून तिचे संवाद दुसऱ्याच बाईच्या आवाजात भरले गेले. ज्या मागाहून भरलेल्या आवाजाला आपण सौंदर्य म्हणता, त्यानेच या बाईचा आवाज काढून घेतला आणि शरीर तेवढे पडद्यावर ठेवले. पन्नास वर्षांनंतर घरी बसून आपल्याला त्यात 'विलक्षण अस्वस्थता' सापडते, ती कोणाच्या जिवावर सापडते, हा प्रश्न मला सोडवत नाही.

आणि हा एकच चित्रपट नव्हे. १९७१ सालच्या 'जिंजर'पासून सुरू झालेल्या तीन चित्रपटांच्या मालिकेत नायिका हुशार आहे, धाडसी आहे, पुरुषांना जाळ्यात ओढणारी आहे. पण तिला बांधून तिच्यावर अत्याचार होताना दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाला आवरलेला नाही. नायिकेच्या हातात पिस्तूल दिले की तिला स्वातंत्र्य दिले, असे होत नाही.

टॉर्चवाला:

दोघांच्याही बोलण्यात धंद्याची बाजू राहून गेली आहे. अमेरिकेत जुनी निर्मितिसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याची नियमावली, १९६८ साली संपली आणि तिच्या जागी वयानुसार वर्गवारी आली. त्यामुळे मोठ्या स्टुडिओंना जे दाखवायला संकोच वाटे ते दाखवणाऱ्या छोट्या निर्मात्यांना मोकळे रान मिळाले. न्यू यॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरची चित्रपटगृहे आणि गावोगावचे ड्राइव्ह-इन (गाडीत बसून चित्रपट पाहायची उघडी चित्रपटगृहे) यांना दर आठवड्याला नवा माल हवा असे, आणि तो माल मुख्यतः पोस्टरवर खपत असे. आत काय आहे याची फारशी चौकशी कुणी करत नसे. हेरकथा या धंद्याला सोयीची होती, कारण दोन खोल्या, एक टेलिफोन, एक ब्रीफकेस आणि एक पिस्तूल एवढ्या सामग्रीवर ती उभी राहते.

विशमनबाईंबद्दल एक गोष्ट विभावरी यांनी लक्षात घ्यावी, अशी माझी विनंती आहे. पतीच्या निधनानंतर त्या चित्रपटाकडे वळल्या आणि १९६० साली फ्लोरिडात त्यांनी नग्नवाद्यांच्या वसाहतीवरचा पहिला चित्रपट काढला. त्या काळात हॉलिवूडच्या स्टुडिओंमध्ये स्त्री दिग्दर्शक जवळजवळ नव्हत्याच. जिथे कुणी कुणाची पात्रता विचारत नव्हते अशा बाजाराच्या तळाशीच त्यांना जागा मिळाली, आणि तिथे राहून त्यांनी सुमारे तीस चित्रपट पूर्ण केले. एका बाईला कॅमेऱ्यामागे जागा मिळाली ती दुसऱ्या बाईला कॅमेऱ्यापुढे उभे करून, हे कटू आहे, पण ते तसे घडले आहे.

मात्र धागाकर्त्यांशीही मी सहमत नाही. हे चित्रपट, स्पष्टच सांगायचे तर, बहुतांशी कंटाळवाणे आहेत. लांबी भरून काढण्यासाठी पात्रे रस्त्यावरून चालत राहतात, गाडी एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, जिना चढायला पूर्ण मिनिट लागते. त्यातल्या दोन-चार चमकणाऱ्या क्षणांची आठवण आपण जवळ ठेवतो आणि उरलेला तासभर विसरून जातो. ज्या आकर्षणाची आपण चर्चा करतो आहोत त्यातले बरेचसे आपल्या आठवणीने केलेले संकलन आहे.

गिरगावचा_राघू:

पैसे कमी असले की अंगप्रदर्शन आलेच, असा एक समज या चर्चेत न बोलता धरलेला दिसतो, म्हणून आपल्याकडचे उदाहरण देतो. रविकांत नगाइच हे मुळात छायाचित्रकार, आणि तेही ट्रिक फोटोग्राफीत नाव कमावलेले. १९६७ साली त्यांनी जितेंद्रला गुप्तहेर ११६ करून 'फर्ज' काढला आणि १९७९ साली मिथुन चक्रवर्तीला गनमास्टर जी-९ करून 'सुरक्षा'. 'सुरक्षा'तला खलनायकाचा अड्डा हा रंगीत दिवे आणि चकचकीत भिंती यांचा खेळ आहे. तरी पोराटोरांनी भरलेले थिएटर त्यावर खूश होते, कारण बप्पी लाहिरींच्या तालावर मिथुन नाचू लागला की अड्डा किती रुपयांचा आहे हे कुणी मोजत नसे. १९७७ सालचा 'एजंट विनोद' तर राजश्री या निर्मितीसंस्थेचा, म्हणजे आदल्याच वर्षी सोज्वळ 'चितचोर' काढणाऱ्यांचा. ट्रिक, तोरा आणि ताल यांवर स्वस्त हेरपट चालू शकतो, हे यातून दिसते.

विभावरी:

राघू, उदाहरण चांगले आहे, पण ते आपण समजता तितके निर्मळ नाही. आपल्या हेरपटांत खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी कॅबरेची बाई असायचीच, आणि कॅमेरा तिच्याकडे कसा पाहत असे हे आपल्या सर्वांना आठवत असेल. सेन्सॉरने मर्यादा आखून दिली होती एवढाच फरक. त्या मर्यादेचे श्रेय निर्मात्यांना देऊ नये.

मॅटिनी (धागाकर्ता):

मॉर्गनच्या आवाजाबद्दल विभावरी यांनी लिहिले ते वाचल्यावर मी काल रात्री 'डबल एजंट ७३' पुन्हा लावला. या वेळी आवाज पूर्ण बंद ठेवला. तिच्या तोंडी घातलेला परका आवाज गेल्यावर तिचा चेहरा मला पहिल्यांदाच नीट दिसला. इतर पात्रे घाबरतात, रागावतात, धमक्या देतात. ती मात्र माणूस मारते, छायाचित्र टिपते, कपडे सावरते आणि पुढच्या कामाला लागते. त्या चेहऱ्यावर थकव्याखेरीज काही नाही. जागतिक कीर्तीच्या हेरपटांतला कोणताही हेर आपल्या कामाला इतका कंटाळलेला मी पाहिलेला नाही.

बरेचसे आकर्षण आठवणीने केलेले संकलन आहे, हा टॉर्चवाला यांचा आक्षेप मी निम्मा स्वीकारतो. जिने लांब आहेत. पण हा थकवा आठवणीने तयार केलेला नाही, तो पडद्यावर आहे. आणि पैसे असते तर दिग्दर्शिकेने दुसरा टेक घेऊन तो पुसून टाकला असता.

विभावरी:

तो थकवा भूमिकेचा आहे की त्या बाईचा स्वतःचा, हे आपण कसे ठरवले?

मॅटिनी (धागाकर्ता):

ठरवलेले नाही. चित्रपट त्याबाबत काहीच सांगत नाही. आधी मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहत नव्हतो, एवढे मात्र मला आता मान्य करावे लागते. आवाज बंद करून आपणही एकदा पाहावा, अशी माझी विनंती आहे. त्यानंतरही आपला आक्षेप असाच राहिला तर तो मला वाचायचा आहे.